कलिंगड तरंगतं, द्राक्ष बुडतं

वस्तू पाण्यात का तरंगतात हे समजावताना मुलांना 'जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं' असं सांगा, असं कुणीतरी म्हटलंय. तिथेच घोटाळा होतो. आमच्या नाशकात द्राक्षांना तोटा नाही, म्हणून मी भाचीला बादलीत आधी अख्खं कलिंगड टाकायला लावलं. तरंगलं! मग एक द्राक्ष. थेट तळाशी. तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा वस्तू जड की हलकी, हा खरा प्रश्न. द्राक्षात साखर विरघळलेली असते, म्हणून ते बुडतं.

आता गंमत. ग्लासभर (२०० मिली) पाण्यात द्राक्ष टाकून एकेक चमचा मीठ घालत ढवळा. चार-पाच चमच्यांच्या आसपास द्राक्ष वर येऊ लागतं, कारण पाणीच जड होतं. जास्त गोड द्राक्षाला मीठही जास्त लागतं. एकाच घडातले मणी वेगवेगळ्या वेळी वर आले की पोरं नाचतात.

'मीठ गेलं कुठे?' हा प्रश्न येणारच. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा: २०० ग्रॅम पाणी, २५ ग्रॅम मीठ, विरघळल्यावरही २२५च. चव मात्र द्राक्षाची घेऊ नका, आम्ही घेतली.