प्रतिसाद: नुसती उष्णता बघून दिशा ठरत नाही
वर म्हटलंय की उष्णता बाहेर टाकणारी रासायनिक अभिक्रियाच आपोआप पुढे जाते. हे पुरतं खरं नाही. नवसागर पाण्यात ढवळून भांड्याला हात लावा. गार लागतं, तरी तो विरघळतोच, कारण एन्ट्रॉपी (कणांची विस्कळीतपणाची मात्रा) वाढते.

चुनखडीचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. तिचं विघटन होऊन कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड वायू बनायला दर मोलमागे (साधारण १०० ग्रॅम चुनखडीमागे) सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणून एरवी ती ढिम्म हलत नाही. पण साधारण ९०० अंश सेल्सिअसला कार्बन डायऑक्साइडचा समतोल दाब (ज्या दाबाला चुनखडी तुटणं आणि पुन्हा बनणं सारख्याच वेगाने चालतं) १ वातावरण, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाइतका होतो. भट्टीतला त्या वायूचा प्रत्यक्ष दाब याहून कमी असेल तर कळीचा चुना बनतो. जास्त असेल तर तोच चुना वायू शोषून पुन्हा चुनखडी होतो! म्हणूनच चुनाभट्टीत हवा खेळती ठेवतात.