ओलान्झापिन बंद करावी का? भावाचं तोंड हलायलंय

परभणीकर: भावाला स्किझोफ्रेनिया आहे, ओलान्झापिन बऱ्याच वर्षांपासून चालूय. कानात आवाज यायचे ते थांबले, शेतात जायलाय, पण वजन लई वाढलं, रात्री उठून भाकरीच्या टोपल्यात हात घालतो, अन आता बसल्या बसल्या काही चघळल्यासारखं तोंड हलवायलाय, जीभ बाहेर येती. आई म्हणती गोळ्याच बंद करा. काय करावं?

लातूरची ताई: एकदम बंद नका करू दादा! आजार उलटतो, बहिणीचं बघितलंय मी. ती भूक गोळीमुळं आहे, त्याला खादाड म्हणू नका बिचाऱ्याला. उपाशीपोटी शुगर अन कोलेस्टेरॉल तपासून घ्या.

नांदेडहून: तोंडाचं ते टार्डिव्ह डिस्कायनेशिया (अशा गोळ्या लई दिवस घेतल्यानं तोंड-जीभ आपोआप हलणं) असू शकतं, लवकर दाखवलेलं बरं. घरीच मोबाइलवर व्हिडिओ काढून मानसोपचार डॉक्टरला दाखवा, कायकी तिथं गेल्यावर नेमकं हलत नाही. डोस कमी करायचा का गोळी बदलायची ते डॉक्टर ठरवतील. थरथरीची ट्रायहेक्सिफेनिडिल मनानं देऊ नका, त्यानं हे वाढू शकतं.

लातूरची ताई: तवर टेली-मानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात. आईलाबी बोलू द्या त्यांच्याशी.

परभणीकर: व्हिडिओ काढला आत्ताच. सोमवारी नेतो.