प्रतिसाद: नुसतं धुकं घालून पाताळ होत नाही
वर एका दादानं लिहिलंय की टेबलावरच्या रोल-प्लेइंग गेममध्ये (प्लेअर एकेक कॅरेक्टर होऊन गोष्ट खेळतात) देवलोकातली मोहीम शेवटी रंगीत धुक्यातलं डंजनच, म्हणजे नेहमीचं राक्षसांचं भुयारच वाटतं, म्हणून वर्णन वाढवा. वर्णन वाढवून काय होत नाही बघा, आम्ही करून बसलोय, प्लेअर मोबाईल काढतात. 1978 च्या रूनक्वेस्ट गेमची दुनिया ग्लोरँथा, तिथल्या हिरोक्वेस्टात कॅरेक्टर देवाच्या जुन्या गोष्टीत देवाच्या जागी उभं राहतं, म्हणजे पुढं काय होणार हे आधीच ठाऊक, आणि मजा तिथंच आहे. आमच्याकडं सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला लोक आधी जोगुळभावीत आंघोळ करतात मग डोंगर चढतात, मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला देवीचा नवरा जमदग्नी गेला म्हणून बांगड्या फुटतात, गोष्ट सगळ्यांना पाठ खरं काच वाजली की अंगावर काटा येतोच. (खरी देवी टेबलावर आणू नका हं, माझ्या आईनं चप्पल काढली असती.)

परवा खानापुरात मी डीएम, म्हणजे गेम चालवणारा होतो. गोष्ट आधीच सांगून ठेवलेली, पाताळाच्या तिसऱ्या दारात म्हातारी पाणी मागते, देवानं दिलं होतं. आमच्या एका प्लेअर पठ्ठ्यानं वाटेतच तांब्या विकून टाकलेला! म्हातारीनं हात पुढं केला, मी पण हात तसाच धरून बसलो, सगळे गप्प. शेवटी पठ्ठ्या म्हणतोय, "पाण्याऐवजी माझं नाव घे." म्हातारीनं घेतलं की काढून. गावात परत आला तर बायको दारातूनच विचारते, कोण पाहिजे?

आता आयतवारी तो नाव परत मागायला जाणार आहे, आणि म्हातारी त्याचं काय करून बसलीय ते मी अजून ठरवलेलं नाही.