ताबा की सार्वभौमत्व?

विचारणा : नागपुरात एका दैनिकाच्या रात्रपाळीला असतो. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरच्या ब्रिटन-मॉरिशस कराराच्या बातमीला मी मथळा दिला होता, ‘चागोसचा ताबा मॉरिशसकडे’. साहेबांनी ‘ताबा’ खोडून ‘सार्वभौमत्व’ केलं. आता मथळा कॉलमात मावेना. ताबा म्हटलं तर काय बिघडलं?

उत्तर : बिघडलंच. २२ मे २०२५ च्या कराराने बेटं मॉरिशसची मानली, पण त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावरचा लष्करी तळ ९९ वर्षं ब्रिटनकडेच ठेवला. म्हणजे ज्या बेटासाठी एवढा खटाटोप, तिथला ताबा जिथल्या तिथे! आपल्या वऱ्हाडचंच बघा ना. १८५३ मध्ये निजामाने तो कंपनीच्या कारभारात दिला. १९०२ मध्ये कर्झनने त्याचा कायमचा पट्टा करून घेतला, वर्षाला २५ लाख रुपये. १९३६ मध्ये निजामाच्या किताबात ‘हैदराबाद आणि वऱ्हाड’ असं रीतसर आलं, युवराज ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाला. मालक हैदराबादेत, कचेरी नागपुरात. सार्वभौमत्व एकाचं आणि अंमल दुसऱ्याचा, हे वऱ्हाडी माणसाला समजावून सांगावं लागू नये.

आणखी एक : थोडं व्युत्पत्तीचं. सर्वभूमीचा ईश्वर तो सार्वभौम. अमरकोशात चक्रवर्ती आणि सार्वभौम शेजारी-शेजारी बसलेत. उत्तर दिशेच्या दिग्गजाचंही, म्हणजे ती दिशा सांभाळणाऱ्या हत्तीचंही, नाव सार्वभौम आहे, म्हणून शब्द असा जड! नागपूरकर भोसल्यांचं राज्य गेलं तेव्हा मात्र लोकांच्या तोंडी एकच शब्द होता, ‘खालसा’.

विचारणारा : मग ‘बेटं परत दिली’ चालेल?

उत्तर : जपून. ‘परत’ म्हटलं की ती आधीपासून मॉरिशसची होती हे तुम्ही कबूल केलं. नुसतं ‘दिली’ म्हटलं की ब्रिटनची होती. भांडण नेमकं त्यावरच आहे. १९६५ मध्ये, मॉरिशसला स्वातंत्र्य मिळायच्या तीन वर्षं आधी, ब्रिटनने ती तोडून वेगळी वसाहत केली होती. आणि अधिकाऱ्यांनी पुरवलेला शब्द तसाच उचलू नका. तळासाठी बेटं रिकामी करायची होती, तेव्हा लंडनच्या साहेबांनी आपसातल्या टिपणांत ठरवलं की तिथे कायमचं कुणी राहत नाही असंच सांगायचं. पिढ्यान्‌पिढ्या नारळाच्या मळ्यांवर जगलेली माणसं उत्तरांच्या मसुद्यात ‘कंत्राटी कामगार’ झाली. कारण ‘रहिवासी’ म्हटलं असतं तर संयुक्त राष्ट्रांपुढे त्यांचा हिशेब द्यावा लागला असता. १९७३ पर्यंत सगळ्यांना बोटींत घालून हलवलं. एक नाम बदललं आणि गावंच्या गावं उठली. तुमच्या बातमीत ‘कामगार हलवले’ असं आलं असेल तर आधी ते खोडा, मथळ्याचं नंतर बघू.

विचारणारा : आलं होतं बाप्पा, तिसऱ्या परिच्छेदात. ‘रहिवासी’ केलं. मथळा असा गेला : ‘चागोस मॉरिशसचे, तळ ब्रिटनकडेच’. दोन ओळींत बसला.