गुडघेदुखी असेल तर पोहावं का?
गुडघे दुखत असताना पोहलं तर चालेल का असं विचारलंय, तर बिनधास्त चालेल, कारण गळ्यापर्यंत पाण्यात असलं की पायांवर शरीराचा जेमतेम १० टक्के भार येतो आणि तरी हात, खांदे, पोट सगळ्यांना व्यायाम होतो, दमसास वाढतो तो वेगळाच. फक्त ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखं पोहणं) सध्या नको, त्यात पाय बाहेर फाकवून झटक्यात जवळ आणतो ना, तेव्हा गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो. माझ्या आईला कोचने फ्रीस्टाइलच (आलटून-पालटून हात मारत पालथं पोहणं) दिलंय, पाय मांडीपासून हलवायचे, गुडघे जवळपास सरळ. आणि हो, पाण्यात हाडांवर फारसा भार पडत नाही, त्यामुळे पन्नाशीनंतर डॉक्टरांना विचारून हलकी वजनं उचलणं किंवा थोडं चालणं सोबत ठेवाच.