ट्राय कायद्यानं नक्की किती स्वतंत्र आहे?

केबलवाला_कराड
नमस्कार मंडळी. गिऱ्हाईक बिलावरून भांडायला आलं की आम्ही ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, बोट दाखवतो. २०१९ मध्ये पहिल्या शंभर चॅनलना १३० रुपये अधिक कर ही मर्यादा त्यांनीच लागू केली. पण २०२२ मध्ये 'मीडियावन' या मल्याळम वाहिनीचा परवाना अडला, तो माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून. ट्राय त्यात कुठेच नाही. मग त्यांची स्वायत्तता कुठपर्यंत?

वकील_पुणे
दरापुरती बरीच. ट्राय कायद्याच्या कलम ११(२) नुसार दर ते स्वतः ठरवतात. परवाना कुणाला, कोणत्या अटींवर, यावर मात्र नुसती शिफारस. सरकारला ती मागावी लागते, मानलीच पाहिजे असं नाही.

मला सगळ्यात खटकतं ते कलम २५. धोरणाच्या प्रश्नावर केंद्राचे निर्देश ट्रायवर बंधनकारक. आणि प्रश्न धोरणाचा आहे की नाही, हेही केंद्रच ठरवणार, तो निर्णय अंतिम! २००० साली वटहुकूम काढून अख्खं पहिलं प्राधिकरण घरी पाठवलं आणि तंटे सोडवायचे अधिकार टीडीसॅट या नव्या लवादाकडे दिले. उद्या आपल्यालाही असंच उठवतील, हे डोक्यात असलेला माणूस सरकारच्या विरोधात निकाल कसा लिहील?

प्रसारणाची गत त्याहून वाईट. आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात स्वच्छ लिहिलं: प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांच्या नियमनासाठी स्वतंत्र प्राधिकरण ताबडतोब नेमा. १९९७ चं प्रसारण विधेयक बारगळलं. २००४ मध्ये केबल ट्रायकडे आली, पण मुख्यतः दर आणि वाहिन्या-केबलवाल्यांमधल्या जोडणीपुरती. वाहिनी चालू द्यायची की बंद करायची, ते आजही मंत्रालयाच्या हातात. मीडियावनला २०२३ मध्ये न्याय मिळाला तो सर्वोच्च न्यायालयात.

निवृत्त_टेलिकॉम
२०१४ विसरू नका. ट्रायच्या माजी अध्यक्षानं पुढे सरकारी नोकरी घ्यायची नाही, अशी कायद्यात बंदी होती. नृपेंद्र मिश्र यांना पंतप्रधानांचे प्रधान सचिव नेमण्यासाठी वटहुकूमानं ती सैल केली. माणूस लायक असेलही, पण ही बंदी फार विचार करून घातलेली होती.

केबलवाला_कराड
म्हणजे आम्ही दाद मागायची कुठे?

वकील_पुणे
दराची तक्रार असेल तर ट्राय मसुदा काढतं तेव्हाच लेखी हरकत द्या. कलम ११(४) नं पारदर्शकता त्यांना सक्तीची आहे, आलेल्या हरकती ते वेबसाइटवर टाकतात. मोठे ब्रॉडकास्टर पानंच्या पानं लिहून देतात. तालुक्याच्या ऑपरेटरचं पत्र मला तिथे क्वचितच दिसतं. मराठीत लिहा, इंग्रजी मी करून देतो.