आईबाबांना कॅनडात आणायचंय, पण भावाचा पगार धरत नाहीत. हे तुम्हाला पटतं का?

मिरजेची_लेक (ब्रॅम्प्टन):
आईबाबांना कायमचं इकडे आणायचं म्हणून २०२० च्या ऑक्टोबरात स्पॉन्सरशिपसाठी, म्हणजे त्यांच्या खर्चाची हमी देऊन त्यांना आणण्यासाठी, नाव नोंदवलं होतं. पाच वर्षं वाट पाहिली. २०२५ च्या जुलैअखेरीला सोडतीत नाव निघालं, मेल आला, मी रडलेच. दुसऱ्या रात्री मुलं झोपल्यावर कागद काढून बसले आणि धाबं दणाणलं.

आमचं उत्पन्न अल्प उत्पन्नाच्या सरकारी रेषेपेक्षा ३० टक्के जास्त हवं, आणि तेही सलग तीन वर्षं. आम्ही चौघं आणि आईबाबा, म्हणजे सहा माणसं. २०२२ साठी ८२ हजार डॉलरच्या वर, २०२४ साठी ९० हजारांच्या वर. ही दोन्ही वर्षं बसतात. मधलं २०२३ बसत नाही. त्या वर्षी धाकटी झाली. मी मॅटर्निटीवर होते, आणि नवऱ्याचं गोदामातलं काम चार महिने सुटलं होतं. मॅटर्निटीचे पैसे धरतात, पण ते पगाराच्या ५५ टक्केच. त्याचा बेकारी भत्ता तर धरतच नाहीत. नोटीस ऑफ असेसमेंट, म्हणजे कर खात्याचा हिशेबाचा कागद, त्यावरच्या १५००० नंबरच्या एकूण उत्पन्नाच्या ओळीतून तो वजा केला की आम्ही ३,१०० डॉलरनी कमी पडतो.

भाऊ एडमंटनला आहे, चांगला कमावतो. तो २०२१ ला आला, म्हणून २०२० च्या यादीत त्याचं नावच नाही. त्याला हमीवर माझ्यासोबत सही करायचीय, तर नियम म्हणतो सही फक्त नवऱ्याची किंवा जोडीदाराची चालेल. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची पेन्शन, मिरजेचं घर, यातला एक रुपया मोजत नाहीत. अट असावी, माझी ना नाही. पण कुटुंबाची ऐपत बघायची तर सगळं कुटुंब बघा ना! आई आली की मी पूर्णवेळ कामाला जाईन, डेकेअरचा खर्च वाचेल, तेही कुणी धरत नाही.

जुना_मिसिसागाकर:
ताई, रागावू नका, पण मला अट योग्य वाटते. मी २००६ साली आईवडिलांना आणलं. तेव्हा एकाच वर्षाचं उत्पन्न बघायचे आणि हमी दहा वर्षांची होती. मी जेमतेम रेषेवर होतो. दुसऱ्याच वर्षी नोकरी गेली. मोठा भाऊ आधी "मी आहे, तू काळजी करू नकोस" म्हणाला होता. सहा महिन्यांनी तो फोन उचलेना. मी रात्री टॅक्सी चालवली, पण आईवडिलांना सरकारी मदत घेऊ दिली नाही, कारण त्यांनी घेतलेला प्रत्येक डॉलर प्रांत माझ्याकडून वसूल करणार होता. नोकरी गेली, घटस्फोट झाला, तरी हमी सुटत नाही. २०११ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की ही देणी फेडावीच लागतात, सरकार फार तर थोडी मुदत देऊ शकतं. २०१४ पासून हमी वीस वर्षांची झाली. वीस वर्षं! आज ३,१०० कमी पडतायत म्हणून वाईट वाटतं, पण ज्याचं गणित काठावर आहे त्याला कुणीतरी थांबवायला हवं. मला कुणी थांबवलं नाही.

मिरजेची_लेक:
काका, तुमचं वाचून पोटात तुटलं. पण तुमच्याच अनुभवातून माझा मुद्दा निघतो. तुमच्या भावाने शब्द दिला, सही दिली नाही, म्हणून तो सुटला. माझा भाऊ सही द्यायला तयार आहे. ती घ्या, त्यालाही वीस वर्षं बांधा. दोन पगार बांधलेले असले तर प्रांताचे पैसे जास्त सुरक्षित की कमी?

एडिसनहून:
अमेरिकेत हे चालतं. इथे आईवडिलांसाठी सोडत नाही, पण मुलगा किंवा मुलगी नागरिक हवी. उत्पन्न गरिबीरेषेच्या १२५ टक्के लागतं, सहा जणांना २०२५ च्या आकड्यांनी सुमारे ५४ हजार. कमी पडलं तर दुसरा कुणीही नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जोड-हमीदार होऊ शकतो, नातं लागत नाही. मालमत्ताही धरतात, पण आईवडिलांसाठी तुटीच्या पाचपट दाखवावी लागते. मी वहिनीच्या आईसाठी जोड-हमीदार झालो. सही करताना हात थरथरला, कारण जबाबदारी अर्धी नसते, पूर्णच असते. आणि मेडिकेअर, म्हणजे इथला म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, पैसे भरून घ्यायचा तरी पाच वर्षं इथे राहावं लागतं. तोवरचा आरोग्य विमा हाच खरा खर्च. तेव्हा इकडे अट हलकी असली तरी ओझं हलकं नाही.

कॅलगरी_प्रज्ञा:
मला एक विचारायचंय. कायमचंच कशाला? सुपर व्हिसा घ्या, आईवडिलांसाठीचा लांब मुदतीचा भेटीचा व्हिसा. ३० टक्क्यांची भर नाही, सोडत नाही, जुलै २०२२ पासून एका वेळी पाच वर्षं राहता येतं. मी रुग्णालयात काम करते. रांगा बघते, फॅमिली डॉक्टर नाही म्हणून इमर्जन्सीत सात-सात तास बसलेली म्हातारी माणसं बघते. इथल्या व्यवस्थेत ज्यांनी कर भरलेला नाही, त्यांना लगेच आणून ठेवणं मला बरोबर वाटत नाही. बोलायला कठोर आहे, पण रोज डोळ्यांनी बघते.

मिरजेची_लेक:
प्रज्ञा, सुपर व्हिसावर आईबाबा २०२३ ला आले होते, बाळंतपणालाच. किमान एक लाख डॉलरचा विमा काढला. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली, म्हणून हप्ता दुप्पट, आणि तरी पॉलिसीत ओळ होती की आधीच्या हृदयविकाराचा खर्च मिळणार नाही. बाबा सकाळी जिना चढताना मध्येच थांबले की मी स्वयंपाकघरातून कान देऊन असायची. सहाव्या महिन्यात "बेटा, आम्ही जातो" म्हणाले. त्यांना इथे करमत नव्हतं असं नाही. आपल्या दुखण्याने तुझं घर विकावं लागेल, याची त्यांना भीती होती. आणि कर आम्ही दोघं भरतोच ना? मुलाबाळांच्या शाळांसाठी भरतो तसा आईबाबांच्या दवाखान्यासाठीही भरतो.

इचलकरंजीची_काकू:
मी अशीच दोनदा जाऊन आले. एक सांगू? विचारा त्यांना. वीस वर्षांच्या हमीवर सही तुम्ही करणार, पण जानेवारीत बर्फात घरात ते बसणार.

मिरजेची_लेक:
काकू, विचारलं. बाबा गप्प होते. आई म्हणाली, "तुम्ही दोघं तिकडे. इथे रात्री ह्यांना काही झालं तर मी दार कुणाचं वाजवू?"

जुना_मिसिसागाकर:
ताई, मत माझं बदललेलं नाही. पण एक नीट बघा. फॉर्मवर विचारतात की उत्पन्न अटीत बसलं नाही तर अर्ज मागे घ्यायचा की पुढे चालवायचा. मागे घेतलात तर बरेच पैसे परत मिळतात, पण अपील करता येत नाही. पुढे चालवलात तर फी जाते, पण नाकारल्यावर अपील मंडळाकडे जाता येतं. तिथे आजचं उत्पन्न रेषेवर भरत असेल तर ते बघतात, घरची परिस्थितीही बघतात. वकिलाला आधी दाखवा.

मिरजेची_लेक:
काका, धन्यवाद. शुक्रवारी वकिलाची वेळ घेतलीय. भाऊ एडमंटनहून येतोय, त्याच्या पगाराच्या पावत्या घेऊन. नियमात बसत नसल्या तरी फाईलमध्ये लावायला सांगणार आहे.